ताकाता एअरबॅग रिकॉल : दोष गाडीत, पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर

मे २००९ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एका शाळेच्या वाहनतळावर १८ वर्षांच्या मुलीची गाडी दुसऱ्या गाडीला हलकेच घासली. धडक इतकी किरकोळ होती की एरवी पत्र्याला पोचा पडून विषय तिथेच संपला असता. तिच्या २००१ सालच्या होंडा अकॉर्डमधील एअरबॅग उघडली, पण ती फुगवणारी, ताकाता या कंपनीने बनवलेली धातूची डबी (इन्फ्लेटर) स्वतःच फुटली आणि त्या धातूचा तुकडा तिच्या मानेत घुसला. जीव वाचवण्यासाठी बसवलेल्या वस्तूनेच तिचा जीव घेतला. त्याआधी सहाच महिने, नोव्हेंबर २००८ मध्ये, याच दोषासाठी पहिला रिकॉल, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचा आदेश, निघाला होता, परंतु तो जेमतेम चार हजार गाड्यांपुरता होता.

तेथून पुढे हे प्रकरण वाढत वाढत वाहन उद्योगाच्या इतिहासातील सर्वांत मोठा रिकॉल ठरले. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलावावे लागले आणि जगभरात हा आकडा १० कोटींच्या घरात गेला. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने आपल्या देशात या दोषामुळे २८ मृत्यू आणि ४०० हून अधिक जखमी नोंदवले आहेत. रिकॉल जाहीर होणे आणि गाडी दुरुस्त होणे यांत किती मोठे अंतर असते आणि ते अंतर अखेर कोणाला कापावे लागते, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते. म्हणून मालकाच्या बाजूने त्याचा अभ्यास येथे मांडला आहे.

डबीच्या आत काय बिघडले

गाडी आदळल्याचे सेन्सरने ओळखले की विजेचा एक सूक्ष्म झटका इन्फ्लेटरकडे जातो, आतील रासायनिक चकत्या पेट घेतात, त्यांतून निघणारा वायू गाळणीतून बाहेर पडतो आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी नायलॉनची पिशवी फुगते. या सगळ्यास सेकंदाचे काही शतांश भाग लागतात. म्हणजे स्टिअरिंगच्या मधोमध, चालकाच्या छातीपासून हातभर अंतरावर, एक नियंत्रित स्फोट घडवून आणलेला असतो, आणि त्याचे नियंत्रण सर्वस्वी त्या चकत्या ठरलेल्या वेगानेच जळण्यावर अवलंबून असते.

ताकाता ही १९३३ साली विणकामाच्या व्यवसायातून सुरू झालेली जपानी कंपनी. पुढे ती सीटबेल्ट आणि एअरबॅग बनवणाऱ्या जगातील आघाडीच्या कंपन्यांपैकी एक झाली. २००० सालाच्या सुमारास तिने इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेटवर आधारित इंधन वापरण्यास सुरुवात केली. हे रसायन आपल्याकडे खतामुळे आणि खाणीतील सुरुंगांमुळे परिचित आहे. ते स्वस्त असते आणि जळताना भरपूर वायू देते, म्हणून डबी लहान व हलकी करता येते. मात्र त्याला ओल मानवत नाही. साध्या अमोनियम नायट्रेटचे स्फटिक सुमारे ३२ अंश सेल्सिअसला आपली रचना बदलतात आणि त्यासोबत त्यांचे आकारमानही बदलते. ताकाताने स्थिरीकरण केलेला प्रकार वापरला होता, तरीही डबीत शिरणारी हवेतील आर्द्रता आणि दिवसा तापून रात्री निवण्याचे वर्षानुवर्षांचे चक्र यांमुळे त्या घट्ट चकत्या हळूहळू ठिसूळ आणि सच्छिद्र होत गेल्या. लाकडाचा ओंडका सावकाश जळतो, पण त्याच लाकडाच्या भुश्शाचा भडका उडतो. येथे तेच घडले. चकत्या अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने जळू लागल्या, आतील दाब डबीला पेलवेना, आणि पिशवी फुगवण्याऐवजी डबीच्याच ठिकऱ्या उडू लागल्या. वाहन कंपन्यांनी एकत्र येऊन करवून घेतलेल्या स्वतंत्र तपासणीचा २०१६ मधील निष्कर्षही हाच होता : ओल शोषणाऱ्या पदार्थाशिवाय वापरलेले अमोनियम नायट्रेट, आर्द्रता पूर्णपणे रोखू न शकणारी डबीची रचना आणि उष्ण-दमट हवेत काढलेली अनेक वर्षे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की डबी फुटते.

मालकाने या निष्कर्षातील तिसरी गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हा दोष कारखान्यातून बाहेर पडताना बहुतेक डब्यांत दिसत नव्हता, तो गाडीच्या वयासोबत वाढत होता. नवी कोरी गाडी सुरक्षित होती आणि तीच गाडी दहा-बारा वर्षांनी धोकादायक झाली. ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा दोष चालवताना जाणवतो, आवाज येतो, गाडी ओढते. येथे डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, गाडी चालायला उत्तम असते आणि डबी बिघडल्याचे जेव्हा कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. गॅरेजमधील कितीही अनुभवी मिस्त्रीला बाहेरून पाहून हा दोष ओळखता येणार नाही.

सात वर्षांचा उशीर

२००९ मधील त्या मृत्यूनंतर रिकॉलची व्याप्ती वाढली, पण टप्प्याटप्प्याने. सुरुवातीला एखाद्या कारखान्यातील ठरावीक काळातील सदोष उत्पादन एवढेच कारण मानले गेले. ते चुकीचे ठरले की आणखी काही लाख गाड्यांची भर पडे. २०१४ मध्ये फ्लोरिडा, हवाई, पोर्तो रिको अशा दमट प्रदेशांपुरते प्रादेशिक रिकॉल निघाले. त्याच वर्षी मलेशियाच्या सारावाक प्रांतात होंडा सिटीमधील एका गर्भवती महिलेचा मृत्यू झाला आणि हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही हे दिसून आले. अखेर १९ मे २०१५ रोजी ताकाताने दोष मान्य केला आणि अमेरिकेत जवळपास ३ कोटी ४० लाख गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला. पुढच्या वर्षी त्यात आणखी साडेतीन ते चार कोटी इन्फ्लेटरची भर पडली.

कंपनीने चाचण्यांचे अहवाल वर्षानुवर्षे बदलून वाहन कंपन्यांना दिले होते, हे नंतर अमेरिकेच्या न्याय विभागाच्या कारवाईत उघड झाले. २०१७ मध्ये ताकाताने फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि १०० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यातील ८५ कोटी वाहन कंपन्यांसाठी, साडेबारा कोटी पीडितांसाठी आणि अडीच कोटी दंडापोटी होते. या विभागणीकडे पाहून मनात खंत वाटल्यावाचून राहत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. म्हणजे ज्यांच्या गाड्यांत या डब्या होत्या त्यांच्या दृष्टीने मूळ उत्पादकच उरला नाही. तरीही डबी बदलून देण्याची जबाबदारी वाहन बनवणाऱ्या कंपनीचीच राहिली. ‘आता ती कंपनी बंद पडली, कोण बदलून देणार’ असे जे अनेकांना वाटते ते बरोबर नाही.

पत्रे गेली, गाड्या आल्या नाहीत

३१ मार्च २०१६ रोजी टेक्सासमध्ये १७ वर्षांची एक विद्यार्थिनी २००२ सालची होंडा सिव्हिक चालवताना पुढच्या गाडीवर आदळली. याही वेळी धडक जीवघेणी नव्हती, मृत्यू डबीच्या तुकड्याने झाला. ती गाडी २०११ पासून रिकॉलमध्ये होती. अनेक सूचना पाठवल्या होत्या, असे कंपनीने सांगितले. आपल्याला एकही मिळाली नाही, असे कुटुंबाने सांगितले. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि या प्रकरणाचे मर्म तेथेच आहे. पत्र कंपनीच्या नोंदीतील पत्त्यावर जाते. गाडी मात्र तोपर्यंत हात बदलत, गाव बदलत, कधी कागद अर्धवट ठेवून, तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे पोहोचलेली असते. दोष वयाने वाढणारा असल्याने धोका सर्वांत जास्त त्याच मालकाला, आणि सूचना पोहोचण्याची शक्यता सर्वांत कमी त्यालाच.

काही गाड्यांच्या बाबतीत हा धोका किती होता याचा एक आकडा सांगायलाच हवा. जून २०१६ मध्ये अमेरिकी प्रशासनाने २००१ ते २००३ या काळातील होंडा आणि तिच्याच अॅक्युरा या ब्रँडच्या विशिष्ट गाड्यांबद्दल, अपघातात एअरबॅग उघडल्यास डबी फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत असल्याचे जाहीर केले आणि दुरुस्तीला नेण्याखेरीज त्या चालवूच नका असे सांगितले. अशा दुरुस्त न झालेल्या ३ लाख १३ हजार गाड्या त्या वेळी रस्त्यावर होत्या. कंपनीने पुढे पत्रे, दूरध्वनी, जाहिराती यांच्या जोडीला घरोघरी माणसे पाठवली, तरीही त्यानंतर मृत्यू होत राहिले.

ऑस्ट्रेलियाने वेगळा मार्ग धरला. जुलै २०१७ मध्ये सिडनीत एक मृत्यू झाल्यानंतर सरकारने २८ फेब्रुवारी २०१८ रोजी रिकॉल सक्तीचा केला, त्याला ३१ डिसेंबर २०२० ही मुदत घातली आणि सर्वाधिक धोक्याच्या गाड्यांची नोंदणी राज्यांनी रोखण्यास सुरुवात केली. ३० लाखांहून अधिक गाड्यांचा प्रश्न जवळपास पूर्णपणे मार्गी लागला. नोंदणीचे नूतनीकरण ही प्रत्येक मालकाला कधी ना कधी गाठणारी पायरी असते, आणि पत्राला जे साधले नाही ते या पायरीला साधले. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात धोरणकर्त्यांनी उचलण्यासारखी हीच एक गोष्ट आहे. फ्रान्समध्ये मात्र २०२५ मध्येही या डब्यांमुळे मृत्यू होत होते आणि सिट्रोएन सी३ व डीएस३ गाड्या चालवणे तत्काळ थांबवा असे मालकांना सांगावे लागले.

भारतातील गाड्या

आपल्याकडेही या डब्या होत्या. होंडाने जुलै २०१६ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९० हजार गाड्या परत बोलावल्या, जानेवारी २०१७ मध्ये आणखी सुमारे ४१ हजार आणि जानेवारी २०१८ मध्ये २२,८३४. त्यांत सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड अशी आपल्या रस्त्यांवर रोज दिसणारी नावे होती. टोयोटाने मार्च २०१७ मध्ये २३ हजारांहून अधिक कोरोला अल्टिस बोलावल्या. त्या काळी हे सारे ऐच्छिक होते. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने जुलै २०१२ पासून स्वतःहून पाळायची एक संहिता केली होती, कायद्याची सक्ती नव्हती.

ती सक्ती २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने आली. कलम ११०-अ नुसार केंद्र सरकार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते, आणि उत्पादकाला गाडी दुरुस्त करून, बदलून किंवा तिची किंमत परत देऊन मालकाची भरपाई करावी लागते. त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, त्यांत १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र मालकांच्या तक्रारींवरून होणाऱ्या या सक्तीच्या प्रक्रियेत सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांचाच विचार होतो. ताकाताची डबी ज्या वयात धोकादायक होऊ लागते, साधारण त्याच वयात आपल्या नियमाची मर्यादा संपते. ही मर्यादा गाडीच्या वयाला न लावता दोषाच्या स्वरूपाला लावायला हवी होती, असे मला ठामपणे वाटते. कोकणपट्टी, गोवा, मुंबई आणि ठाणे या भागांतील हवा पाहता आपण या प्रश्नाच्या बाबतीत फ्लोरिडाच्या जवळचे आहोत, आणि पुण्यात वापरून झालेली गाडी पुढे रत्नागिरीला किंवा मालवणला विकली जाणे ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट आहे.

मालकाने काय करावे

पहिली गोष्ट म्हणजे पत्राची वाट पाहू नये. रिकॉल मॉडेलच्या नावावरून ठरत नाही, तो चॅसी नंबरवरून ठरतो. एकाच महिन्यात बनलेल्या दोन शेजारच्या गाड्यांपैकी एक रिकॉलमध्ये असते आणि दुसरी नसते. हा १७ अक्षरांचा क्रमांक आरसीवर छापलेला असतो आणि गाडीवरही कोरलेला असतो. गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीच्या एका नातलगांच्या बारा वर्षांच्या, तिसऱ्या हाताच्या सेडानचा क्रमांक आम्ही तपासला तेव्हा आरसीची जुनी प्रत इतकी पुसट झाली होती की काही अक्षरे लागेनात. मग बॉनेट उघडून, धूळ फडक्याने पुसून, मोबाईलच्या उजेडात एक जण वाचत गेला आणि दुसरा लिहीत गेला. पहिल्यांदा कंपनीच्या संकेतस्थळाने क्रमांक चुकीचा ठरवला, कारण शून्याच्या जागी आम्ही ‘ओ’ हे इंग्रजी अक्षर भरले होते. या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे कधीच नसतात. तसे काही दिसले तर तो एक किंवा शून्य समजावा. दुरुस्त करून भरल्यावर चालकाच्या बाजूची एअरबॅग बदलणे बाकी असल्याचे पडद्यावर आले. आधीच्या दोन मालकांपैकी कोणालाही ते ठाऊक नव्हते, किंवा असलेच तर गाडी विकताना सांगितले गेले नव्हते.

क्रमांक बहुतेक वाहन कंपन्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि ते जमत नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला दूरध्वनी करून क्रमांक सांगावा. एकदा तपासून थांबू नये. या प्रकरणात रिकॉलची यादी अनेक वर्षे वाढत राहिली, आज ‘काही बाकी नाही’ असे आले तरी वर्षातून एकदा, विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी, पुन्हा पाहावे. त्याहून नाजूक गोष्ट अशी की ज्या गाड्यांत सुरुवातीच्या काळात एकदा डबी बदलली गेली होती, त्यांपैकी काहींत ओल शोषणारा पदार्थ नसलेली त्याच प्रकारची नवी डबी बसवली होती. नवी असल्याने ती काही वर्षे सुरक्षित होती, पण तीही पुढे बदलणे भाग होते. ‘आमचे झाले आहे’ या उत्तरावर विसंबू नये, कधी झाले आणि त्यानंतर दुसरा रिकॉल आला का, हे विचारावे.

रिकॉल निघाला तर सूचनेतील शब्द नीट वाचावेत. ‘गाडी चालवू नका’ असे लिहिले असेल तर सर्व्हिस सेंटरपर्यंतही स्वतः चालवत नेऊ नये, गाडी उचलून नेण्याची व्यवस्था कंपनीकडे मागावी. तसे लिहिलेले नसेल तर लवकरात लवकरची वेळ घ्यावी. दोष फक्त प्रवाशाच्या बाजूच्या एअरबॅगचा असेल तर काम होईपर्यंत पुढची डावी जागा रिकामी ठेवणे हा साधा आणि परिणामकारक उपाय आहे. भाग उपलब्ध नाही असे सांगितले गेल्यास तक्रार लेखी नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा.

परिचयाच्या गॅरेजमध्ये एअरबॅग काढून टाकण्याचा किंवा तिची वायर सोडवून ठेवण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो. तो कृपया मानू नये. अधिकृत ठिकाणी हे काम करताना आधी बॅटरीचे टर्मिनल सोडवून काही मिनिटे थांबतात, कारण यंत्रणेत साठलेली वीज उतरावी लागते, मगच स्टिअरिंगमागची पकड सोडवून पिवळ्या आवरणातील वायरींचा जोड काढतात. ही शिस्त माहीत नसलेल्या माणसाच्या हातात ती डबी म्हणजे प्रत्यक्ष धोका आहे. शिवाय एअरबॅग निकामी केलेली गाडी मोठ्या अपघातात चालकाला उघड्यावर सोडते. भंगारातून आणलेली एअरबॅग तर त्याहून वाईट. २०१७ मध्ये अमेरिकेच्या नेवाडा राज्यात एका तरुणीच्या गाडीत आधीच्या दुरुस्तीच्या वेळी जुन्या मोडीत काढलेल्या गाडीतील ताकाताची एअरबॅग बसवलेली निघाली, आणि ती फुटून तिच्या गळ्याला गंभीर इजा झाली. गाडीच्या चॅसी नंबरवर हा धोका दिसण्याचा संभवच नव्हता, कारण डबी दुसऱ्याच गाडीची होती. अपघातात एकदा एअरबॅग उघडलेली गाडी विकत घेताना नवी एअरबॅग कोठून आणली याचे बिल मागावे, बिल नसेल तर गाडी घेऊ नये.

शिकायला अमेरिकेला गेलेली आपली मुले पहिली गाडी म्हणून बहुधा दहा-पंधरा वर्षांची सिव्हिक, अकॉर्ड किंवा कोरोला घेतात. तेथे भाड्याच्या गाड्यांबाबत कायदा कडक आहे, पण रिकॉल बाकी असलेली जुनी गाडी विकण्यास विक्रेत्याला देशव्यापी बंदी नाही. महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर चॅसी नंबर किंवा नंबरप्लेट टाकली की दोन मिनिटांत माहिती मिळते. पैसे देण्याआधी ती दोन मिनिटे काढायला घरच्यांनी फोनवरून आवर्जून सांगावे.

रिकॉलच्या कामाचे पैसे घेतले जात नाहीत, सुट्या भागाचेही नाहीत आणि मजुरीचेही नाहीत. सर्व्हिसिंग बाहेर करत असलात, वॉरंटी संपली असली, गाडी तिसऱ्या हाताची असली तरी यात फरक पडत नाही. काम झाल्यावर जॉब कार्डावर रिकॉलचा उल्लेख, बदललेल्या भागाचे नाव आणि तारीख आहे ना हे तेथेच उभे राहून पाहावे. रत्नागिरीच्या त्या गाडीचे काम दोन-अडीच तासांत झाले. निघताना काउंटरवरच्या मुलीने विचारले, “काका, मालकाचा नंबर हाच ना?” पडद्यावर अजून पहिल्या मालकाचा पुण्याचा पत्ता आणि त्याचा मोबाईल नंबर होता. तो बदलून काकांचे नाव, पत्ता आणि नंबर घातला गेला. जॉब कार्डाची प्रत त्यांनी आरसीच्या पाकिटात ठेवली आहे, म्हणजे उद्या गाडी विकली तर ती घेणाऱ्याच्या हातात पडेल.